मॉटी : आशियाई आई, आफ्रिकी बाप आणि दहा दिवस

११ जुलै १९७८ रोजी इंग्लंडच्या चेस्टर प्राणीसंग्रहालयात शीबा नावाची आशियाई हत्तीण व्याली. पिल्लू नर होतं. पूर्ण दिवस भरायच्या साधारण सहा आठवडे आधीच ते जन्मलं आणि त्याचं वजन अपेक्षेपेक्षा २७ किलोंनी कमी भरलं. हत्तीचं नवजात पिल्लू ढोबळमानानं शंभर किलोंचं असतं, म्हणजे हे जेमतेम पाऊण वजनाचं. पण जगभर बोलबाला झाला तो त्याच्या वजनाचा नाही, त्याच्या कानांचा. कान मोठे, पाळ्या टोकदार, गालांची आणि डोक्याची ठेवण आफ्रिकी हत्तीसारखी. बाप होता जंबोलिनो, त्याच संग्रहालयातला आफ्रिकी हत्ती.

पिल्लाचं नाव ठेवलं मॉटी. चेस्टरचं संग्रहालय १९३१ साली ज्यांनी उभं केलं, त्या जॉर्ज मॉटरशेड यांच्या नावावरून. पिंजऱ्यांच्या गजांआड प्राणी कोंडून ठेवायचे नाहीत, हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. त्यांचं निधन १९७८ मध्येच झालं होतं. त्यामुळे या नावात कौतुकाइतकीच आठवणही होती.

२१ जुलैला मॉटी गेला. आयुष्य दहा दिवसांचं. आशियाई आणि आफ्रिकी हत्तींचा संकर म्हणून नोंद झालेलं हे आजवरचं एकमेव पिल्लू. हे प्रकरण बहुतेक ठिकाणी एका ओळीत संपवलं जातं: ‘अशक्य समजला जाणारा संकरित हत्ती जन्मला आणि लगेच मेला.’ ही ओळ खोटी नाही. पण ती वाचून मनात ठसतं ते असं, की निसर्गाच्या विरुद्ध काही घडलं आणि निसर्गानं ते लगेच पुसून टाकलं. प्रकरण नीट उलगडलं तर तसं काही दिसत नाही. दिसतं ते एक गृहीतक, जे कुणी तपासलंच नव्हतं, आणि अपुऱ्या दिवसांचं एक आजारी पिल्लू. या दोन गोष्टींची गाठ आपण नंतर मारली. ती सोडवायची म्हणून हा लेख.

‘होणारच नाही’ हे कुठून आलं?

आधी थोडा हिशेब. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा. त्यातून सहा आठवडे वजा केले तर शीबाला दिवस राहिले असणार ते १९७६ च्या ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ एकवीस महिने हा गर्भ वाढत होता. पाल चुकचुकायला तेवढा अवधी पुरेसा होता. पण ज्या गोष्टीची शक्यताच मनात नाही, तिची चाहूल घ्यायला कोण जाणार?

त्या काळी दोन्ही खंडांचे हत्ती एकाच कळपात ठेवणं काही विशेष नव्हतं. हत्ती मिळेल तसा यायचा: कुठल्या सर्कशीतून, कुठल्या व्यापाऱ्याकडून, कुठल्या दुसऱ्या संग्रहालयाकडून. हत्ती हा सोबतीनं राहणारा प्राणी, एकटा ठेवला तर झुरतो. म्हणून जे हाताशी असतील ते एकत्र. नर ठेवणं तर अनेक ठिकाणी टाळलंच जायचं, कारण माजावर आलेला नर सांभाळायचा तर भिंती, दारं, माणसं, सगळंच वेगळं लागतं. थोडक्यात, कळप जमवताना सोय आणि सोबत पाहिली जायची, जात नाही.

आणि यामागे एक शास्त्रीय वाटणारा आधारही होता. आशियाई हत्ती ‘एलिफास’ या प्रजातीतला, आफ्रिकी हत्ती ‘लोक्सोडोंटा’ या प्रजातीतला. (मराठी जीवशास्त्रात ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीशीज’ला जाती म्हणण्याची पद्धत आहे, तीच इथे पाळतो.) वाघ आणि सिंह एकाच प्रजातीत, घोडा आणि गाढव एकाच प्रजातीत, म्हणून त्यांचे संकर होतात. हत्तींच्या दोन प्रजातीच वेगळ्या. त्यांचे पूर्वज वेगळे होऊन साठ-सत्तर लाख वर्षांच्या घरातला काळ लोटलेला. दोघांचे प्रदेश एकमेकांना भिडत नाहीत, त्यामुळे रानात अशी जोडी जमण्याचा प्रश्नच नाही. मग होणार नाही, असं धरून चालायला काय हरकत?

हरकत अशी, की प्रजातीची रेघ आपण आखलेली असते. ‘लोक्सोडोंटा’ हे नावच मुळी दाढेवरून पडलं आहे. आफ्रिकी हत्तीच्या दाढेवर कठीण इनॅमलच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या आडव्या वळ्या असतात, आशियाई हत्तीच्या दाढेवर त्या अरुंद आणि एकमेकींना जवळजवळ समांतर. एकोणिसाव्या शतकात ही दोन घराणी वेगळी मानली गेली ती अशा खुणांवरून. वर्गीकरण म्हणून ते योग्यच होतं, आजची जनुकीय माहितीही त्याला दुजोरा देते. पण दाढेवरची वळी गर्भाशयाबद्दल काही सांगत नाही. एका कामासाठी काढलेली रेघ दुसऱ्याच कामाला कुंपण म्हणून वापरली गेली, ती इथे.

गुणसूत्रांचं गणित मांडलं असतं तर कदाचित शंका आली असती. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२; खेचराच्या वाट्याला ६३ येतात आणि ती जोडीनं बसत नाहीत. तरी खेचर जन्मतं, धडधाकट वाढतं, फक्त पुढे त्याला पिल्लं होत नाहीत. आशियाई हत्तीची गुणसूत्रं ५६ आणि आफ्रिकी हत्तीचीही ५६. संख्या जुळली म्हणजे संकर होतोच असं नाही, हे खरं. पण अडसर संख्येत तरी नव्हता. ज्यांच्या संख्या जुळत नाहीत त्यांचे संकर माणूस हजारो वर्षं मुद्दाम करत आला आहे. आणि ज्यांच्या जुळतात त्यांना एका आवारात ठेवून आपण निश्चिंत राहिलो.

अंगावरचा पुरावा

मॉटीचा बाप आफ्रिकी होता हे कशावरून? आज कुणी विचारलं तर डीएनए तपासणीकडे बोट दाखवता येईल. १९७८ मध्ये ती सोय नव्हती. पुरावा होता तो पिल्लाच्या अंगावर, आणि तो इतका बोलका आहे की या प्रकरणाचा हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

दोन हत्ती शेजारी उभे केले तर फरक ओळखायला डोकं, पाठ, कान, सोंड आणि पाय एवढं पाहिलं तरी पुरतं. आशियाई हत्तीचं डोकं वरून दुभंगल्यासारखं, दोन उंचवट्यांचं. आफ्रिकी हत्तीचं एकसंध, मागे उतरत गेलेलं. आशियाई हत्तीची पाठ मध्यावर फुगीर, अंबारी ठेवायला जशी लागते तशी. आफ्रिकी हत्तीची पाठ मध्ये खोलगट, खांदा आणि पुठ्ठा वर. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एकच मांसल उंचवटा, आफ्रिकी हत्तीच्या सोंडेला समोरासमोर दोन. म्हणून तो वस्तू चिमटीत धरतो, तर आशियाई हत्ती ती सोंडेत गुंडाळून घेतो. आफ्रिकी सोंड जास्त सुरकुतलेली. नखं पाहायची तर आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार, आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातल्या हत्तीला सहसा पुढे चार आणि मागे तीन.

आता मॉटी. कान, गाल आणि पाय आफ्रिकी वळणाचे; पाय लांब आणि सडपातळ. सोंडेवरच्या सुरकुत्या आफ्रिकी, पण सोंडेचं बोट एकच, आशियाई. नखं पुढे पाच, मागे चार, म्हणजे आशियाई. कपाळ उतरतं, त्यावर एक उंचवटा आणि त्याच्या मागे दोन लहान उंचवटे. पाठीवर मध्यभागी आशियाई फुगवटा आणि मागच्या बाजूला आफ्रिकी फुगवटा, दोन्ही. शरीराची एकूण बांधणी मात्र आफ्रिकी.

या यादीकडे कसं पाहायचं? बहुतेक वर्णनांत या सगळ्या खुणा सारख्याच वजनाच्या म्हणून दिलेल्या असतात. पण पुरावा म्हणून त्यांचं वजन सारखं नाही. आई कोण याबद्दल वादच नव्हता. पिल्लू शीबाच्या पोटचं होतं. त्यामुळे एक बोट, पाच आणि चार नखं, पाठीचा मधला फुगवटा या खुणा आईकडून आल्या एवढंच सांगतात. प्रश्न होता बापाचा. त्याचं उत्तर देतात त्या फक्त आफ्रिकी खुणा: कान, गाल, सोंडेच्या सुरकुत्या, मागचा फुगवटा. आशियाई जोडप्याच्या पिल्लात एखादा कान जरा मोठा निघू शकेल. पण कान, डोकं, सोंड, पाय आणि पाठ ही पाचही अंगं एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा योगायोगाला जागा उरत नाही.

आणखी एक बारकावा. नखांची पाच-चार ही संख्या आफ्रिकेच्या जंगली, म्हणजे घनदाट अरण्यात राहणाऱ्या, हत्तीतही आढळते. त्या काळी जंगली हत्ती आणि गवताळ प्रदेशातला हत्ती एकाच जातीचे मानले जात. म्हणून कुणी नुसत्या नखांवरून मॉटीचं मूळ ठरवू पाहील तर फसेल. इथे आई माहीत होती म्हणून निभावलं.

संकरित प्राणी म्हटला की आपण दोन रंग कालवल्यासारखा मधला रंग डोळ्यांसमोर आणतो. काही वेळा खरंच तसं होतं. हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये १५ मे १९८५ रोजी जन्मलेली केकाइमालू हे त्याचं उदाहरण. आई बाटलीनाक डॉल्फिन, बाप ‘फॉल्स किलर व्हेल’ या नावानं ओळखला जाणारा, डॉल्फिनच्याच कुळातला पण खूप मोठा प्राणी. डॉल्फिनला दात ८८, बापाच्या जातीला ४४, केकाइमालूला ६६. अगदी मधोमध. मॉटीचं तसं नाही. त्याच्या अंगावर गुण कालवलेले नाहीत, शेजारी शेजारी मांडलेले आहेत: हा भाग आईचा, तो भाग बापाचा, आणि डोक्या-पाठीवर तर दोघांचेही उंचवटे एकाच वेळी. गोधडीसारखं. कुठला गुण मिसळतो आणि कुठला अखंड उतरतो हे त्यामागे किती जनुकं काम करतात आणि वाढीच्या कुठल्या टप्प्यावर ती जागी होतात यावर ठरतं. पुस्तकात वाचलेलं हे तत्त्व मॉटीच्या पाठीवर प्रत्यक्ष उमटलेलं होतं.

दहा दिवस

मॉटीला वाचवायची शिकस्त झाली, रात्रंदिवस काळजी घेतली गेली. तरी दहाव्या दिवशी तो गेला. शवविच्छेदनात दोन गोष्टी सापडल्या: आतड्याचा ऊतक मारणारा दाह, ज्याला डॉक्टर ‘नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस’ म्हणतात, आणि ‘ई. कोलाय’ जिवाणूंमुळे रक्तात पसरलेला संसर्ग. हे जिवाणू मोठ्या आतड्यात आणि नाळेत, दोन्हीकडे मिळाले.

यातलं पहिलं नाव नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. तो मुख्यत्वे अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांचा आजार आहे. आतड्याचं अस्तर पुरतं तयार झालेलं नसतं, त्याचा रक्तपुरवठा नाजूक असतो, प्रतिकारशक्ती कोवळी असते. अशा आतड्यात जिवाणू घुसले की अस्तर मरायला लागतं आणि संसर्ग थेट रक्तात जातो. नाळेचा ताजा देठ ही जंतूंसाठी दुसरी उघडी वाट. वासरू असो, शिंगरू असो की हत्तीचं पिल्लू, पहिल्या आठवड्यात नाळेची निगा हा जीवनमरणाचा प्रश्न असतो, हे गोठा सांभाळणाऱ्याला सांगावं लागत नाही.

म्हणजे मॉटीच्या मृत्यूचं थेट कारण हा संसर्ग, आणि त्या संसर्गाला वाट करून दिली ती बहुधा अकाली जन्मानं. दोन्ही बाजूंचा शुद्ध आशियाई हत्ती जर सहा आठवडे आधी आणि पाऊण वजनानं जन्मला असता, तर त्याच्यापुढेही हाच धोका होता.

मग संकराचा काहीच हात नव्हता का? अकाली जन्मामागे तो असू शकतो. आईचं शरीर आणि गर्भाचं शरीर यांच्यात वारेमार्फत जी सततची देवाणघेवाण चालते, ती दोन जातींच्या गर्भात बिनसू शकते. काही संकरांत गर्भ आणि वार यांची वाढ बिघडते हे इतर सस्तन प्राण्यांत पाहिलेलं आहे. पण शुद्ध जातीच्या हत्तिणीही बंदिवासात अकाली वितात, मृत पिल्लं देतात. एका जन्मावरून हे दोन मार्ग वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी दुसरं, तिसरं, दहावं पिल्लू लागेल, आणि ते जन्माला घालायचा विचारही कुणी करू नये असं माझं ठाम मत आहे. ‘संकरित होता म्हणून मेला’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं निदान एवढं करावं: ‘अकाली जन्मला, आतड्याच्या आणि नाळेच्या संसर्गानं गेला’ हे आधी लिहावं.

त्या काळातली आणखी एक अडचण लक्षात घ्यावी लागते. मानवी हातांवर हत्तीचं तान्हं पिल्लू वाढवण्याचं ज्ञान १९७० च्या दशकात फारच तोकडं होतं. गाईचं दूध त्याला मानवत नाही, त्यातली चरबी पचत नाही. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक अनाथ पिल्लांसाठी वर्षानुवर्षं निरनिराळी मिश्रणं करून पाहत होत्या. खोबरेल तेलातली चरबी पिल्लांना पचते हे त्यांच्या हाती लागलं ते त्याच दशकात, अनेक पिल्लं गमावल्यानंतर. आज जे आपल्याला साधं वाटतं, ते तेव्हा नुकतंच शिकलं जात होतं.

कलकत्त्याची रुद्राणी

‘संकर म्हणजे दुबळा’ हा समज मॉटीमुळे पक्का झाला असेल, तर तो सुटायला आपल्याच देशातलं एक प्रकरण पुरेसं आहे. कलकत्त्याच्या अलिपूर प्राणीसंग्रहालयात १९७० च्या दशकात वाघ नर आणि सिंहीण मादी यांच्यापासून ‘टायगॉन’ जन्माला घालण्यात आले. हे चुकून घडलं नव्हतं. ते ठरवून केलेलं होतं, आणि पिल्लं पाहायला गर्दी लोटायची. त्यातली रुद्राणी नावाची मादी मोठी झाल्यावर तिला देवव्रत या आशियाई सिंहासोबत ठेवलं. तिला सात पिल्लं झाली: बाप सिंह, आई निम्मी वाघीण निम्मी सिंहीण. त्यांना ‘लिटिगॉन’ म्हटलं गेलं. त्यातला क्युबनाकान १९७९ मध्ये जन्मला आणि १९९१ पर्यंत, बारा वर्षं जगला. खांद्यापाशी उंची १.३२ मीटर, लांबी ३.५ मीटर, वजन किमान ३६३ किलो.

रुद्राणी मादी होती म्हणून हे झालं. संकरित संततीत नर आणि मादी यांपैकी एकच लिंग वांझ किंवा नष्ट होत असेल, तर ते लिंग ज्याची दोन लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात ते असतं. सस्तन प्राण्यांत अर्थातच नर. हा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला. हेच हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये कलकत्त्यात येऊन राहिले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा नियम त्यांच्याच कलकत्त्यात, त्यांच्या पश्चात काही वर्षांनी, एका पिंजऱ्यातल्या मादीनं इतक्या ठसठशीतपणे दाखवून दिला, ही गोष्ट मला फार हलवून जाते. केकाइमालूही मादीच, आणि तिलाही पिल्लं झाली. २००४ च्या डिसेंबरमध्ये झालेली कविली काई ही त्यांतली एक. मॉटी नर होता. तो जगला असता तरी हॉल्डेनच्या नियमानुसार त्याची वांझ असण्याचीच शक्यता अधिक होती.

अलिपूरचा प्रयोग पुढे थांबला. १९८५ मध्ये भारत सरकारनं असे संकर करण्यावर बंदी घातली. योग्य झालं. क्युबनाकान रुबाबदार होता यात वाद नाही, पण त्याच्यासाठी वापरलेला सिंह आशियाई होता आणि आशियाई सिंहाचा रानातला सगळा वंश तेव्हा गीरच्या एका जंगलात उरलेला होता. त्या वंशाचा एक नर प्रदर्शनी पिल्लांसाठी खर्ची घालणं ही चैन परवडणारी नव्हती.

सिंहांच्याच बाबतीत या प्रकाराची दुसरी, जास्त महागात पडलेली बाजूही समोर आली. अमेरिकेत ‘आशियाई सिंह’ म्हणून जतन कार्यक्रम चालू होता. १९८० च्या दशकात त्या सिंहांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा कळलं, की ज्या पाच मूळ जनकांपासून तो वंश वाढवला त्यांतल्या दोघांत आफ्रिकी सिंहाचं रक्त होतं. वर्षानुवर्षांचं काम बाद झालं. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणीसंग्रहालयातही आशियाई आणि सर्कशीतून आलेले आफ्रिकी सिंह मिसळले आणि संकरित सिंहांची संख्या वाढत गेली. पुढे त्यांची पैदास बंद करावी लागली.

हे इथे सांगतो, कारण मॉटीच्या प्रकरणाचं खरं मोजमाप याच्याशेजारी ठेवल्याशिवाय होत नाही. मॉटीची जात चेहऱ्यावर लिहिलेली होती. कुणी फसलं नाही. सिंहांच्या दोन उपजाती इतक्या सारख्या, की मिसळ डोळ्यांना दिसली नाही आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वंशावळीत मुरत गेली. जतनाच्या दृष्टीनं घातक ठरतो तो ओळखू न येणारा, जगणारा, प्रजा वाढवणारा संकर. ‘विचित्र’ म्हणून बातमी होते ती मात्र नेमकी दुसऱ्या प्रकारची.

किंमत कुणी मोजली

मॉटीबद्दल इतकं लिहिलं जातं की शीबा मागेच राहते. हत्तीण वर्षातून तीन-चारदाच फळण्याच्या स्थितीत येते, मग जवळजवळ दोन वर्षं गर्भ, मग दोन-तीन वर्षं अंगावरचं दूध. एका हत्तिणीच्या आयुष्यात पिल्लं होतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बंदिवासात तर त्याहून कमी, कारण तरुणपणी विण न झालेल्या हत्तिणींच्या गर्भाशयात गाठी होतात आणि पुढे दिवस राहणंच अवघड होतं. अशा प्राण्याचे एकवीस महिने एका अशा गर्भावर गेले, जो कुणी मागितला नव्हता आणि ज्याचा कुठल्याच जातीच्या जतनाला उपयोग नव्हता. आशियाई हत्ती आज धोक्यातल्या जातींत गणला जातो. आफ्रिकेचा गवताळ प्रदेशातला हत्तीही धोक्यात, आणि जंगली हत्ती अतिधोक्यात.

आज चांगल्या संग्रहालयांत दोन्ही जाती वेगळ्या ठेवतात. वंशावळीच्या नोंदवह्या वेगळ्या, कळप वेगळे. त्यात भर पडली ती हत्तींच्या नागीणवर्गीय विषाणूची. १९९० च्या दशकात उघड झालेला हा विषाणू लहान वयाच्या, विशेषतः आशियाई, पिल्लांना दिवसा-दोन दिवसांत मारतो. आशियाई आणि आफ्रिकी हत्ती या विषाणूचे आपापले प्रकार अंगात बाळगून असतात. एकत्र न ठेवण्याला आता हेही एक सबळ कारण आहे.

आशियाई हत्तिणीच्या पोटी मॅमथसारखं पिल्लू वाढवण्याच्या चर्चा हल्ली चालतात. मॅमथ आणि आशियाई हत्ती यांचं नातं आशियाई आणि आफ्रिकी हत्तींपेक्षा जवळचं आहे, हे डीएनएवरून स्पष्ट आहे. त्यावरून ‘मॉटी जन्मला, मग हेही होईल’ असा युक्तिवाद सुचतो. मला तो पटत नाही. मॉटीवरून सिद्ध होतं ते एवढंच, की दूरच्या नात्याचा गर्भ आशियाई हत्तिणीच्या पोटात साडेवीस महिने तग धरू शकतो. पुढचे सहा आठवडे आणि त्यानंतरचे दहा दिवस हेही त्याच दाखल्याचा भाग आहेत, आणि ते सोयीनं वगळता येणार नाहीत.

हत्तींचा जुना इतिहास मात्र ‘प्रजाती वेगळ्या, म्हणून संकर होणारच नाही’ या गृहीतकाला फारसा मान देत नाही. २०१८ मध्ये आजच्या आणि नामशेष हत्तींच्या जनुकसंचांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात युरोपात एके काळी फिरणाऱ्या सरळ सुळ्यांच्या हत्तीचा वंश मिश्र निघाला: आफ्रिकी हत्तींशी नातं असलेली एक प्राचीन शाखा, आफ्रिकी जंगली हत्ती आणि लोकरी मॅमथ, तिन्हींचा वाटा त्यात आहे. त्याच अभ्यासात दिसलं की आफ्रिकेचे जंगली आणि गवताळ प्रदेशातले हत्ती सुमारे पाच लाख वर्षं एकमेकांपासून जवळजवळ वेगळे राहिले. म्हणजे याच कुळात कधी लाखो वर्षांची फारकत, तर कधी प्रजातीच्या रेघेपलीकडचा संकर.

मॉटीचं शरीर भरून जतन केलेलं आहे, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये. पाठीवर दोन फुगवटे, सोंडेला एक बोट, पुढच्या पायांना पाच-पाच नखं, मागच्यांना चार-चार, आणि मोठे, टोकदार पाळ्यांचे कान.